ठोका चुकल्यासारखं होतं तेव्हा: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी २७ वर्षांची, मूळची बार्शीची. पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करत होते तेव्हा, २३ व्या वर्षी, अभ्यासिकेत बसल्या बसल्या छातीत पहिल्यांदा ते 'धप्प' झालं आणि पुढची दोन वर्षं माझं एक बोट कायम मनगटावर होतं. आता बँकेत नोकरी करते, ठोके अजून अधूनमधून चुकतात, बोट मात्र बहुतेक वेळा त्याच्या जागी असतं. ओळखीत हे कळल्यापासून कुणाची मामेबहीण कुणाचा रूममेट रात्री साडेबाराला मेसेज करतात, प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून या, मग हे वाचा.

छातीत एकदम धप्प होतं, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सुरू. हृदय थांबतं का?

नाही थांबत. मला पण दोन महिने हेच वाटत होतं की बंद पडून परत चालू होतंय, जुन्या स्कूटरसारखं.

होतं असं की हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी जागा असते, सायनस नोड, ती दर ठोक्याचा इशारा देते. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. मधूनच हृदयातला दुसराच कुठला तरी भाग आगाऊपणा करून आपला इशारा आधीच देऊन टाकतो, तो जादाचा ठोका. वरच्या कप्प्यातून आला तर डॉक्टर त्याला पीएसी म्हणतात, खालच्या कप्प्यातून आला तर पीव्हीसी, रिपोर्टवर व्हीपीसी पण लिहिलेलं असतं, एकच गोष्ट. हा ठोका वेळेआधी पडतो म्हणून तोवर हृदय पूर्ण भरलेलंच नसतं, रक्त थोडंच बाहेर जातं, कधी कधी तर मनगटापर्यंत त्याची नाडीच पोचत नाही, म्हणून बोट ठेवलं की वाटतं एक ठोका गायब. त्यानंतर थोडा जास्त वेळ जातो, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात पडतो. आपल्याला जे धप्प जाणवतं ते बहुतेक वेळा हेच, म्हणजे ज्याला आपण घाबरतो तो ठोका खरं तर नेहमीचाच असतो, फक्त भरलेल्या हृदयाचा.

मराठीत काळजाचा ठोका चुकला असं आपण कायम म्हणतो, कुणी मागून भॉक केलं तरी म्हणतो. चुकतो वगैरे काही नाही, एक ठोका लवकर येतो एवढंच. हे समजल्यावर माझी अर्धी भीती गेली, उरलेली अर्धी जायला मात्र दीड वर्ष लागलं, त्याबद्दल खाली.

पण हे धोक्याचं कधी असतं? सरळ सांग.

सरळ सांगते. चक्कर येऊन खरंच शुद्ध गेली असेल, त्यातही पळताना जिना चढताना किंवा खेळताना गेली असेल, तर ते गंभीर घ्यायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. श्रम केल्यावर छातीत दुखतं किंवा दाटून येतं, धडधडीबरोबर दम लागतोय, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक झोपेत किंवा खेळता खेळता गेलंय, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडपेला त्रास झालेला, हृदयाचा काही जन्मजात प्रॉब्लेम, यातलं काहीही असेल तर ठोके आठवड्यातून दोनदाच का होईना, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आणखी एक वेगळा प्रकार आहे. एकदम बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, दीडशे-एकशे ऐंशीच्या वेगानं, दहा मिनिटं अर्धा तास चालते आणि बटण बंद केल्यासारखी थांबते. ती एखाद-दुसऱ्या जादा ठोक्यासारखी गोष्ट नाही, बऱ्याचदा एसव्हीटी, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या बाजूनं सुरू होणारी वेगवान धडधड, निघते, त्याच्यावर चांगला इलाज आहे पण ती चालू असतानाचा ईसीजी मिळाला तर निदान पटकन होतं. धडधड थांबतच नाहीये, छातीत दुखतंय, दरदरून घाम आलाय, तर १०८ ला फोन करा, मैत्रिणीला मेसेज नको.

कुठल्या टेस्ट कराव्या लागतात?

माझ्या झाल्या त्या सांगते. आधी फॅमिली डॉक्टरांनी नाडी बघितली, स्टेथोस्कोप लावला, ईसीजी काढला. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम. मग टूडी एको, ती सोनोग्राफीसारखीच, गार जेल लावतात, हृदयाची रचना आणि पंपिंग दिसतं. मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभराचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. काहींना ट्रेडमिलवर चालवून टीएमटी करतात, मला सांगितली नाही.

माझं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. मेसचा डबा, दिवसाला सहा चहा, पाच तास झोप, दुसरं काय निघणार होतं. एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता, त्यामुळे धडधडतंय म्हणणाऱ्या मुलीचं रक्त आधी तपासा असं मी सगळ्यांना सांगते. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी तेच.

आणि एक, टेस्ट किती करायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या. मी तिसरा एको स्वतःच्या मनानं वेगळ्या शहरात जाऊन केला होता, पैसे सायकॉलॉजिस्टच्या सेशनच्या फीमधले.

सगळं नॉर्मल आलं पण ठोके चालूच आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटलं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मीही सगळ्यात जास्त वेळा हाच विचारलाय.

नॉर्मलचा अर्थ ठोके येत नाहीत असा नसतोच. अर्थ असा की हृदयाची रचना चांगली, पंपिंग चांगलं, आणि अशा हृदयात हे ठोके निरुपद्रवी असतात. ठणठणीत माणसांना होल्टर लावला तरी त्यातल्या बऱ्याच जणांना जादा ठोके सापडतात, फरक एवढाच की त्यांना कळत नाही आणि आपल्याला कळतं. माझ्या होल्टरमध्ये एक लाख सहा हजार ठोक्यांत ३८० जादा निघाले, मी रिपोर्ट हातात घेऊन रडत केबिनमध्ये गेले आणि डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढून टक्केवारी करून दाखवली, अर्ध्या टक्क्याच्याही खाली. डॉक्टर साधारण एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर पीव्हीसी गेले की बारकाईनं लक्ष ठेवायला लागतात, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या आसपास, कारण इतके ठोके वर्षानुवर्षं येत राहिले तर काहींचं पंपिंग कमी होऊ शकतं. तेव्हाही गोळ्या आहेत, अ‍ॅब्लेशन (ठोका जिथून निघतो ती छोटी जागा आतून निकामी करणं) आहे, पंपिंग पुष्कळदा परत सुधारतं.

हां, काही नवीन सुरू झालं, म्हणजे शुद्ध जाणं, पळताना ठोके वाढणं, दम लागणं, तर परत जायचं. तेच जुनं धप्प पुन्हा झालं म्हणून परत जायचं नाही. हा फरक मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

दिवसभर काही नाही, गादीवर पडलं की सुरू. असं का?

दिवसभरही येतातच, गाड्यांच्या हॉर्नमध्ये कळत नाहीत. रात्री पडल्यावर मूळचा वेग कमी होतो, दोन ठोक्यांमध्ये जागा जास्त, आगाऊ ठोक्याला शिरायला फट मिळते. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं, मग तर उशीतून ऐकू येतं. उजव्या कुशीवर वळा, एवढंच. मी पंखा मुद्दाम आवाज करणारा ठेवलाय, रूममेटनं तेल घालायला घेतलं तेव्हा भांडण झालं.

श्वास घेताना नाडी थोडी पळते आणि सोडताना मंदावते हे पण तरुणपणी अगदी नेहमीचं आहे, मनगटावर बोट ठेवून बसणाऱ्यांना ते हमखास सापडतं आणि नवीन आजार सापडला असं वाटतं.

चहा-कॉफी सोडायची का?

माणसागणिक वेगळं आहे. अमेरिकेत १०० जणांना छातीवर पॅच लावून दोन आठवडे एक अभ्यास केला होता, २०२३ मध्ये छापून आला, रोज चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं की आज कॉफी प्यायची का नाही. वरच्या कप्प्यातले जादा ठोके कॉफीनं म्हणण्यासारखे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले थोडे वाढले, आणि कॉफीच्या दिवशी झोप अर्ध्या तासाच्या वर कमी झाली. मला हा झोपेचा भाग महत्त्वाचा वाटतो. माझे ठोके चहानं कमी आणि चहानं उडालेल्या झोपेनं जास्त वाढायचे. अमृततुल्यवाल्याकडचा रात्री अकराचा कटिंग बंद केला, सकाळचे दोन ठेवले, जगले.

दारू मात्र स्पष्टच. शनिवारी प्यायले आणि रविवारी धडधड, असं सांगणारे माझ्या माहितीत चार जण आहेत, चौघांनाही कारण माहितीये आणि चौघेही मला कारण विचारतात. एनर्जी ड्रिंक, जिमची ती प्री-वर्कआउट पावडर, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, यानंही धडधड वाढू शकते. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि वजन कमी करायच्या पण. काही अँटिबायोटिक्स आणि उलटीच्या गोळ्यांचा ठोक्यांच्या विद्युत चक्रावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून परस्पर काही घेऊ नका. मॅग्नेशियम पोटॅशियमच्या गोळ्या तर अजिबात मनानं नकोत, केळी आणि शहाळं खा, किडनीचा त्रास असेल तर तेही विचारून.

घरचे म्हणतात गॅस आहे. खरंच गॅसनं होतं?

होतं पण आणि नाही पण. पोट गच्च भरलं, फुगलं, ढेकर अडकला की काहींना जादा ठोके येतात, पोट आणि हृदय दोघांनाही जाणारी एकच व्हेगस नावाची नस आहे. मला वडापाव आणि त्यावर गार सोडा प्यायल्यावर ठरलेलं होतं. पण आपल्याकडे गॅस हा शब्द झाकण म्हणून वापरतात, पन्नाशीच्या काकांना छातीत दुखून घाम फुटला तरी ओवा देतात आणि तासभर घालवतात. तरुण मुलीचं धप्प गॅसचं असू शकतं, काकांचा घाम गॅस समजू नका.

रोज बातमी असते, तरुण मुलगा जिममध्ये कोसळला, गरब्यात गेला. भीती वाटणारच ना? आणि लस?

वाटणारच. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सिद्धार्थ शुक्ला गेला, ४० वर्षांचा, ऑक्टोबरमध्ये पुनीत राजकुमार, ४६ वर्षांचा, तेव्हा मी नवी नवी या भानगडीत पडलेले, आणि मोबाइल मला दिवसभर तेच दाखवायचा कारण मी दिवसभर तेच बघायचे.

आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, यावर अभ्यास केला, १८ ते ४५ वयाच्या, आधी वरवर ठणठणीत असलेल्या आणि अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती आणि तुलनेला २,९१६ जिवंत लोक, देशभरातली ४७ रुग्णालयं, २०२३ मध्ये तो छापून आला. कोविडच्या लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडमध्ये आधी हॉस्पिटलला भरती झालेल्यांत, घरात असे अचानक मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेदम दारू, नशा किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. म्हणजे विचारायचा प्रश्न आत्याच्या घरात कुणी असं गेलं होतं का हा आहे, तो मी विचारला, उत्तर 'नाही' असं आलं, आणि त्या दिवशीपासून बातम्यांचे ते तीन चॅनल बंद केले.

स्मार्टवॉच घेऊ का?

ठोके पकडायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्या. धीर मिळावा म्हणून घेत असाल तर नका घेऊ, धीर मिळत नाही, आकडे मिळतात. हॉस्पिटलचा ईसीजी बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी बघणारा, घड्याळाचा एकाच लीडचा, ॲपल वॉचमध्ये २०१८ ला आला तो मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, शोधायला, हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, हे कंपनीच सांगते. हिरवा लाइट मारून नाडी मोजणाऱ्या साध्या पट्ट्या तर एकाआड एक जादा ठोका आला की कधी कधी अर्धेच ठोके मोजतात आणि स्क्रीनवर ३८ दाखवतात, तो आकडा बघून खरा वेग १२० होतो.

माझ्याकडे घड्याळ नव्हतं पण कोविडमधला ऑक्सिमीटर होता, त्याच्या सेलवर मी महिन्याला किती खर्च केला ते घरी माहीत नाही.

ठोके कळले. पण डोक्यातून जातच नाही, सारखं नाडी बघणं, गूगल करणं. ते कसं थांबवलंस?

मला विचाराल तर खरा आजार हा होता. ३८० ठोके म्हणजे दिवसातली सहा-सात मिनिटंसुद्धा नाहीत, बाकीचा दिवस मी त्या ठोक्यांची वाट बघण्यात घालवत होते. अभ्यासिकेत दाराजवळची खुर्ची, म्हणजे कोसळले तर लोकांना दिसेन. आंघोळीला कडी लावायची नाही. एसटीनं बार्शीला जाताना टेंभुर्णी, कुर्डुवाडी, कुठे कुठे दवाखाना आहे त्याचा नकाशा पाठ. एका वर्षी पूर्व परीक्षेच्या हॉलमध्ये पेपरपेक्षा नाडी जास्त वेळा तपासली, निकाल काय लागला ते सांगायला नको. आजी म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती.

डॉक्टरांनी मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, मी चिडले, म्हणजे मी नाटक करते का. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ठोके खरे आहेत, यावर आपण वादच घालायचा नाहीये. मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. ठोका, भीती, नाडी तपासणं किंवा आईला फोन, दहा मिनिटं बरं वाटणं, परत शंका. म्हणाल्या, हे बरं वाटणंच तुला अडकवतंय. मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी जास्त जोरात सांगतो की तपास. भीतीनं अ‍ॅड्रेनलिन सुटतं, त्यानं ठोके अजून वाढतात, आणि सतत कान आत लावून बसलं की एरवी न कळणारं पण कळायला लागतं. आता या ओळीला थांबून जिभेकडे लक्ष द्या, तोंडात कुठे टेकलीये ते. मघाशी कळत होतं का?

याला सीबीटी म्हणतात, विचार करायची आणि वागायची सवय बदलायची थेरपी. आम्ही काय केलं ते सांगते, क्रम असाच असेल असं नाही. पहिला आठवडा फक्त मोजलं, नाडी किती वेळा बघते, ७४ वेळा एका दिवसात, मलाच धक्का. मग बंद नाही करायचं, पुढे ढकलायचं. बघावंसं वाटलं की घड्याळ लावायचं, आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर, आणि तेवढ्यात हातात काहीतरी काम. बहुतेक वेळा घड्याळ वाजेपर्यंत इच्छा निम्मी झालेली असायची. ऑक्सिमीटर मामाकडे पाठवून दिला. गूगलला लक्षणं विचारायची नाहीत, काही विचारायचंच असेल तर वहीत लिहायचं आणि पुढच्या अपॉइंटमेंटला विचारायचं, वहीत एकूण ४१ प्रश्न जमले, त्यातले ३९ डॉक्टरांकडे जाईपर्यंत मलाच विनोदी वाटायला लागले. संध्याकाळी सहा ते सव्वासहा काळजीची वेळ, तेव्हा मनसोक्त काळजी करायची, गंमत म्हणजे वेळ दिली की करवत नाही.

आणि मग ज्या गोष्टी टाळत होते त्या मुद्दाम. आंघोळीला कडी. मधली खुर्ची. तिसऱ्या मजल्यापर्यंत पळत जायचं, धडधड वाढवायची आणि वर उभं राहून ती आपोआप उतरताना बघायची, नाडीला हात न लावता. हे आधी डॉक्टरांनी हृदय चांगलंय सांगितल्यावरच, कुणी लगेच जिन्याकडे पळू नका. पहिल्या वेळी मला वाटलं मी मरणार, सातव्या वेळी वाटलं की फिटनेस फार वाईट आहे आपला.

मधे एकदा सगळं परत आलं, मावशीचं ऑपरेशन होतं तेव्हा, तीन आठवडे परत पहिल्यासारखं. दोन सेशन घेतले, परत गाडी रुळावर. असं होतं.

पॅनिक अटॅक आहे का हार्टचं, कसं ओळखायचं?

पहिल्यांदाच होत असेल तर घरी बसून ओळखायचंच नाही, दवाखान्यात जायचं. नंतर आपल्याला आपलं कळायला लागतं. पॅनिक झपाट्यानं चढतो, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो, श्वास भरभर घेतल्यानं ओठांना बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आपण वेडे होतोय किंवा मरतोय असं पक्कं वाटतं. तेव्हा जोरात श्वास घे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आधीच जास्त घेतलाय. नाकानं हळू आत आणि त्याहून जास्त वेळ लावून बाहेर, ओठ फुंकर घालताना करतो तसे. पाय जमिनीला टेकवा. पळून बाहेर जाऊ नका, जमलं तर तिथेच बसून लाट ओसरू द्या.

पळणं, जिम, ट्रेक?

डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर करा. वेग वाढला की जादा ठोके बऱ्याच जणांचे गायब होतात आणि थांबल्यावर पाच मिनिटांत परत भेटायला येतात, ते थांबल्यावरचे माझी सगळ्यात जास्त गाळण उडवायचे. उलटं होत असेल, म्हणजे जितकं पळेन तितके वाढतात किंवा गरगरतं, तर थांबा आणि दाखवा. मी पर्वतीपासून सुरुवात केली, सहा महिन्यांनी सिंहगड. वर दही खाल्लं, चार ठोके चुकले, दही संपवलं.

गोळ्या घ्याव्या लागतात का?

सगळ्यांना नाही. त्रास फार होत असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या, देतात, प्रोप्रानोलॉल वगैरे, दमा असेल तर आधी सांगा, आणि मनानं एकदम बंद करू नका. मैत्रिणीच्या पाकिटातली एक मुलाखतीच्या आधी, हे प्रकार चालतात, नका करू. काळजी फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय गटातल्या गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढू पण शकते, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. मी तीन महिने विचार करून नऊ महिने घेतली, डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी केली.

एवढे पैसे नाहीत. फुकट काही?

सरकारी मेडिकल कॉलेजच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या किमतीत काम होतं, गर्दी असते, डबा घेऊन जा. टेली-मानस म्हणून केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे २०२२ पासून, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खासगीत जात असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, नोंदणी आहे का ते विचारा, विचारल्यावर रागावले तर दुसरीकडे जा.

हे आपल्याच पिढीचं फॅड आहे असं वडील म्हणतात.

वडिलांना सांगा, १८७१ साल. जेकब दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं तिथल्या यादवी युद्धातल्या तीनशेच्या वर सैनिकांबद्दल लिहिलं, तरुण पोरं, छातीत धडधड, दुखणं, दम, आणि तपासलं तर बऱ्याच जणांच्या हृदयात बिघाड सापडेना. त्यानं नाव दिलं चिडकं हृदय. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रज सैन्यात तेच, तेव्हा सैनिकाचं हृदय म्हणू लागले, आणि थॉमस लुईस नावाच्या हृदयतज्ज्ञानं अशा सैनिकांना अंथरुणात न झोपवता हळूहळू वाढवत नेलेली कवायत करायला लावली. माझा तिसरा मजला आणि त्यांची कवायत, शंभर वर्षांचं अंतर. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, बंदूक होती.

घरी सांगू का? आणि लग्नाचं?

घरी सांगा, पण काम देऊन सांगा. माझी आई दर फोनला विचारायची, आज किती वेळा झालं? आणि आजीनं तीन वेळा मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, भगवंताला नारळ बोलली, तो बोललेला नारळ मी मनापासून फोडला पण. आईला सायकॉलॉजिस्टनी एक वाक्य शिकवलं. मी फोन करून विचारलं की मला काही होणार नाही ना, तर 'नाही गं बाई' म्हणायचं नाही, म्हणायचं, 'हा प्रश्न तुझा की तुझ्या भीतीचा?' आईला हे फार कडू वाटलं, दोन दिवस तिनं फोनच उचलला नाही, मग जमलं.

स्थळाला सांगायचं का, तर निरुपद्रवी जादा ठोके हा काही लपवायचा रोग नाही आणि पत्रिकेत छापायचा पण नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि गरोदरपणात काहींना ठोके जास्त जाणवतात, तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

उद्या होल्टर लावायचाय. काय घालू?

पुढून बटणं असलेला सैल शर्ट किंवा कुर्ता. आंघोळ सकाळीच उरकून जा, कारण बहुतेक मशीन भिजवता येत नाहीत. छातीला पावडर तेल क्रीम काही नको, चिकटपट्ट्या निघतात. यंत्र आता काडेपेटीएवढं ते पाकिटाएवढं असतं, ज्या नॉर्मन होल्टरच्या नावानं ओळखलं जातं त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं तीस किलोच्या वरचं ओझं होतं, त्यामुळे खाज सुटली तर तक्रार करू नका. नेहमीचं सगळं करा, जिने चढा, चहा घ्या, भांडण असेल तर तेही होऊ द्या. सोबत डायरी देतात, त्यात कधी काय जाणवलं आणि काय करत होता ते वेळ टाकून लिहायचं. माझ्या डायरीत रात्री ९.१० आणि ९.४० ला 'आईचा फोन' असं लिहिलंय आणि दोन्ही वेळा रेट ११८.